दरीची भीती, दरडीचा धोका

मुंबईतल्या माहुलच्या रस्त्यावर टँकरची रांग नवीन नाही. १९५० च्या दशकात इथे दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, तेव्हापासून पेट्रोल-डिझेल भरून निघणारी ही वाहने गावाच्या रोजच्या जगण्याचा भाग झाली आहेत. त्यांतल्या कित्येकांना गाव सोडल्यावर काही तासांतच घाट गाठायचा असतो. नाशिककडे जाणाऱ्याला कसारा, पुण्याकडे जाणाऱ्याला बोरघाट. मुंबईतून देशावर जायचे तर सह्याद्री ओलांडण्यावाचून गत्यंतर नाही. चहाच्या टपरीवर या चालकांच्या गप्पा कानावर पडतात, त्यांत दरीचा उल्लेख क्वचित असतो. ते बोलतात ब्रेकबद्दल, लायनरबद्दल, पावसात वरून येणाऱ्या दगडांबद्दल. आपण मात्र सहकुटुंब घाटात शिरलो की गाडीतले सगळे डोळे दरीकडे लागतात.

घाटातली भीती आणि घाटातला धोका या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांच्या जागाही वेगळ्या आहेत. भीती खाली असते. धोका बहुतेक वेळा चाकांच्या आत असतो, नाहीतर डोक्याच्या वर. हे नीट समजून घ्यायचे तर चांदोली राष्ट्रीय उद्यानाची वाट धरावी, तीही कोकणातून आंबा घाट चढून.

माहुलहून चांदोलीला जाणारे बहुतेक जण पुणे-सातारा-कराड असा महामार्ग पकडतात आणि शिराळ्यावरून वारणावतीला पोहोचतात. रस्ता सोयीचा आहे. पण सह्याद्री काय चीज आहे ते कळायला पनवेलहून गोव्याचा रस्ता घ्यावा. पेण, माणगाव, महाड, पोलादपूर, खेड, चिपळूण करत संगमेश्वर, तिथून देवरुखमार्गे साखरपा. तीनशेहून अधिक किलोमीटर कोकणातून गेल्यावर साखरप्याला समोर भिंत उभी राहते. रस्ता त्या भिंतीवर चढतो आणि माथ्यावरच्या आंबा गावात पोहोचतो. तिथून मलकापूर, कोकरूड, आरळा करत वारणेच्या खोऱ्यातून उद्यानाच्या दाराशी जाता येते.

ही भिंत आली कुठून? माहुलमध्ये बसून याचे अर्धे उत्तर मिळते. गावाच्या पाठीशी असलेली तुर्भ्याची टेकडी आणि आंबा घाटाचा कडा यांचा दगड एकाच कुळातला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहू लागला. एक थर पसरायचा, थंड व्हायचा, काही काळाने त्यावर दुसरा यायचा. पोळ्यांची चवड रचावी तसे हे थर एकावर एक साचत गेले आणि काही ठिकाणी त्यांची जाडी दीड-दोन किलोमीटरच्या वर गेली. मुंबईकडचे काही थर यांच्यापेक्षा थोडे उशिराचे आहेत आणि पनवेलच्या आसपास सगळे थर पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने वाकलेले दिसतात. घाटमाथ्यावर तेच थर जवळजवळ आडवे आहेत. मुंबईहून निघालेला प्रवासी म्हणजे वाकलेल्या थरांवरून निघून आडव्या थरांच्या कापलेल्या कडेशी येऊन थांबतो.

ही कड कापली गेली त्याला कारण समुद्र. भारताचा पश्चिम भाग सेशेल्सच्या भूखंडापासून तुटला, किनारा तयार झाला, किनाऱ्यालगतची जमीन उचलली गेली. पावसाने आणि पश्चिमवाहिनी नद्यांनी उचललेल्या कडेला कोरायला सुरुवात केली. कोट्यवधी वर्षे कडा मागे मागे, पूर्वेकडे सरकत राहिला आणि त्याच्या पुढ्यात कोकणपट्टी उघडी पडली. म्हणून सह्याद्रीला पश्चिमेकडून पाहिले तर तो उभा कडा दिसतो आणि पूर्वेकडून पाहिले तर हलका उतार. कराडच्या बाजूने चांदोलीला जाणाऱ्याला आपण डोंगरात कधी शिरलो ते कळतही नाही. साखरप्याहून येणाऱ्याला ते पहिल्या वळणालाच कळते.

या कड्यावर वाटा पडल्या त्या व्यापारासाठी. कोकणातली बंदरे आणि देशावरच्या बाजारपेठा यांच्यामध्ये ही भिंत होती आणि जिथे जिथे ओढ्यांनी तिला खाचा पाडल्या होत्या तिथे तिथे माणसांनी आणि बैलांनी वाट काढली. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या काळातले शिलालेख आणि दगडी रांजण आहेत. जकातीचा पैसा या रांजणात टाकत, असे परंपरेने सांगितले जाते. नंतरच्या शतकांत मीठ, धान्य, कापड लादलेले वंजाऱ्यांचे तांडे अशा वाटांनी ये-जा करत. लढायांचे पारडेही घाटवाटांवर झुकत असे. १६६० च्या जुलैत बाजीप्रभूंनी ज्या खिंडीत शत्रूला अडवले ती याच मुलखात, विशाळगडाच्या वाटेवर आहे. १६८९ च्या फेब्रुवारीत मोगल सरदार मुकर्रबखान कोल्हापूरकडून घाट उतरून संगमेश्वरला इतक्या अनपेक्षितपणे पोहोचला की संभाजीमहाराज पकडले गेले. घाट दुर्गम असतो, ही समजूत ज्याला वाट ठाऊक नाही त्याची असते.

जगातले काही प्रसिद्ध डोंगरी रस्ते निराळ्या कारणाने झाले. अमेरिकेतल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातून जाणारा ‘गोइंग-टू-द-सन’ रस्ता १९३३ मध्ये लोकांसाठी समारंभपूर्वक खुला झाला. तो उद्यान पाहण्यासाठीच बांधलेला आहे. कुठून कोणते शिखर दिसेल, दगडी कठडा डोंगरात कसा मिसळेल, याचा विचार करून त्याची आखणी झाली. संपूर्ण रस्त्यात मोठे उलटे वळण फक्त एक ठेवले. आजही त्याच्या अरुंद भागात २१ फुटांहून लांब वाहनाला प्रवेश नाही. आपल्या आंबा घाटाला असली निवड परवडणारी नव्हती. तो रत्नागिरी आणि कोल्हापूर जोडतो, मासळी, आंबा, साखर, सिमेंट, एसटी, रुग्णवाहिका सगळे त्याच्यावरून जाते, आणि राष्ट्रीय उद्यानाला जाणारी आपली गाडी त्या रहदारीतली एक असते.

नागमोडी वळणे कशासाठी, हा प्रश्न मुले हमखास विचारतात. उत्तर साध्या गणितात आहे. कोकणातून घाटमाथ्यापर्यंत साधारण पाचशे ते सहाशे मीटर उंची गाठावी लागते. कड्याचा पायथा आणि माथा यांतले आडवे अंतर दोन किलोमीटर धरले आणि रस्ता सरळ नेला, तर चढ शंभराला तीस पडेल. भरलेला ट्रक असा चढ चढू शकणार नाही आणि उतरताना तर त्याला आवरणे अशक्य. डोंगराळ भागातल्या रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसने नेहमीचा चढ शंभराला पाच ठरवला आहे, अगदी उभ्या डोंगरात सहा. अडचणीच्या जागी थोडा जास्त चालतो. पाच-सहाच्या चढाने सहाशे मीटर चढायचे म्हणजे दहा ते बारा किलोमीटरचा रस्ता हवा. दोन किलोमीटरच्या जागेत बारा किलोमीटरचा रस्ता बसवायचा तर तो दुमडण्यावाचून इलाज नाही. प्रत्येक दुमड म्हणजे एक वळण. त्या वळणाची आतली त्रिज्या किमान १४ मीटर हवी आणि वळणावर चढ जवळजवळ सपाट हवा, चाळीस मीटरला एक मीटरहून जास्त नको, असेही संकेत आहेत. वळणावर सपाटी मिळते म्हणून भरलेले वाहन तिथे दम खाऊन पुढे निघू शकते.

आता भीतीकडे वळू. गाडीत सर्वांत जास्त कोण घाबरते? चालकाच्या शेजारी बसलेली व्यक्ती. याला स्वभावापेक्षा बैठक कारणीभूत आहे. आपण डावीकडून गाडी चालवतो आणि चालक उजवीकडे बसतो. रस्ता डोंगराला धरून जाताना दरी डाव्या हाताला असेल तर आपली गाडी बाहेरच्या कडेने चालते आणि दरीच्या सर्वांत जवळ डावीकडचा प्रवासी असतो. त्याला खिडकीतून रस्ता दिसतच नाही, फक्त पोकळी दिसते. चालकाला ती कड दिसत नाही, पण त्याला चाकाचा अंदाज असतो. एक वळण घेतले की दरी उजवीकडे जाते, गाडी डोंगराच्या कुशीत येते आणि डावीकडच्या माणसाचा श्वास परत येतो. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. बोलिव्हियात ला पाझहून कोरोइकोला उतरणारा एक कुप्रसिद्ध जुना रस्ता आहे. त्या देशात वाहने उजवीकडून चालतात, पण फक्त त्या रस्त्यावर डावीकडून चालवायचा नियम होता. उतरणारे वाहन दरीच्या कडेने जाणार आणि डावीकडे बसलेल्या चालकाला आपले बाहेरचे चाक डोळ्यांनी दिसणार, हा त्यामागचा विचार. कड दिसणे हे तिथे सुरक्षिततेचे साधन मानले गेले. आपल्याकडे कड ज्याला दिसते त्याच्या हातात काहीच नसते. भीती वाढते ती तिथे.

कठड्यापाशी उतरून खाली पाहिले की पाय लटपटतात, त्याचे कारण आणखी वेगळे. सरळ उभे राहणे ही शरीराची सततची धडपड असते. आपण किंचित डोलतो, कानातला तोल सांभाळणारा अवयव, पायांचे स्नायू आणि डोळे मिळून ते डोलणे मेंदूला कळवतात आणि मेंदू ते सावरतो. डोळ्यांना हे कळते ते जवळच्या वस्तू हलल्यासारख्या दिसतात म्हणून. समोर हाकेच्या अंतरावर झाड असेल तर आपले इंचभर डोलणेही टिपले जाते. समोर दोन किलोमीटरवरचा डोंगर असेल तर तेवढ्या डोलण्याने त्याच्यात काहीच फरक दिसत नाही. डोळ्यांची साक्ष बंद पडते, डोलणे वाढते, आणि मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. अशा वेळी जवळच्या कशावर तरी, कठड्याच्या दगडावर किंवा सोबतच्या माणसावर, नजर टेकवली की खरोखर बरे वाटते. हाताने कठडा धरला तर आणखी बरे वाटते, कारण स्पर्शानेही तोल कळतो.

वळणावळणाच्या रस्त्यावर मुलांना उलट्या होतात त्याचीही कहाणी जवळपास अशीच. मोबाइलवर खिळलेले डोळे सांगतात की आपण स्थिर आहोत, कान सांगतो की आपण डावी-उजवीकडे फेकले जात आहोत. या भांडणात पोट बिघडते. चालकाला हा त्रास सहसा होत नाही, कारण पुढचे वळण त्याला आधीच माहीत असते. मुलाला पुढच्या काचेतून रस्ता पाहायला लावावे, यावर आवळा-सुपारीपेक्षा माझा जास्त भरवसा आहे.

पण हे सगळे भीतीचे झाले. धोक्याचा हिशेब उष्णतेचा आहे. चार माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन दीड हजार किलो समजा. सहाशे मीटर वर चढवताना इंजिनाने तिच्यात जी ऊर्जा साठवली ती उतरताना कुठे तरी जायलाच हवी. हिशेब केला तर ती सुमारे ९० लाख ज्यूल भरते. एवढ्या उष्णतेने तीस लिटर पाणी उकळीला येईल. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून फक्त ब्रेकच्या जोरावर उतरलो, तर यातली बहुतेक उष्णता चार चाकांजवळच्या काही किलो लोखंडात शिरते. आता माहुलच्या टँकरचा विचार करा. भरलेल्या टँकरचे वजन पंचवीस टन धरले तर त्याच घाटात पाचशे लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता तयार होते. चालकांच्या बोलण्यात लायनर सारखा का येतो ते इथे कळते.

तापलेल्या ब्रेकचे काय होते? ड्रम तापला की तो फुगतो आणि लायनरपासून दूर सरकतो. लायनरचा पृष्ठभाग तापून त्याची पकड कमी होते. पाय दाबला जातो, गाडी मात्र हवी तेवढी थांबत नाही. छोट्या गाड्यांत आणखी एक गोष्ट घडते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते, आणि मुंबईच्या हवेत ओलीला तोटा नाही. डॉट-३ प्रतीचे ताजे तेल २०५ अंशांच्या खाली उकळू नये असे मानक आहे. तेच तेल ओल पिऊन जुने झाले की ही मर्यादा १४० अंशांवर येते. नळीतले तेल उकळून वाफ झाली तर पाय थेट फळीला टेकतो, कारण वाफ दाबली जाते, तेल दाबले जात नाही. वर्तमानपत्रात ‘ब्रेक निकामी होऊन’ असे छापून येते, त्यातले कितीतरी ब्रेक घाट सुरू होताना अगदी ठीक असतात.

यावरचा उपाय प्रत्येक जुन्या चालकाला पाठ आहे: ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की चाके इंजिनाला फिरवू लागतात, इंजिन त्यांना विरोध करते, आणि उष्णता ब्रेकमध्ये न जाता इंजिनातून आणि रेडिएटरमधून बाहेर पडते. ट्रक-टँकरना यासाठी एक्झॉस्ट ब्रेकही असतो. न्यूट्रलमध्ये डिझेल वाचते, हा समज अजूनही ऐकू येतो आणि तो दर वेळी मन अस्वस्थ करतो. आजच्या इंजिनात गिअर टाकून उतार उतरताना इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंदच होतो, त्यामुळे वाचवायला फारसे काही उरत नाही. जळल्याचा वास आला तर बाजूला सुरक्षित जागी थांबावे, ब्रेक निवू द्यावेत, आणि चाकावर पाणी ओतू नये. तापलेला धातू एकदम थंड झाला तर तडकू शकतो.

मोठ्या वाहनांशी वागायची रीतही यातूनच येते. लांब वाहनाची मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती वळणाच्या आतल्या बाजूने काप घेतात. म्हणून एसटी किंवा टँकर वळणाआधी पलीकडच्या बाजूला जाऊन वळतो. त्याने रस्ता अडवला असे समजून आपण आतल्या फटीत गाडी घातली की सापडलो. टँकर अर्धा भरलेला असेल तर वळणावर आतले तेल एका बाजूला लोटते. टाकीतल्या आडव्या पट्ट्या मुख्यतः पुढे-मागे होणारी उसळ आवरतात, म्हणून त्याचा चालक झटक्याने काही करू शकत नाही. अरुंद जागी चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, हा आपल्या मोटार वाहन नियमांतलाच नियम आहे. चढावर थांबलेले जड वाहन पुन्हा हलवणे किती कठीण असते, हे ज्याने एकदा पाहिले त्याला तो नियम सांगावा लागत नाही.

दुसरा धोका डोक्यावरचा. लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. एक थर थंड होऊन झिजला आणि मग वरचा आला, त्या मधल्या काळाची ती खूण. वरचा काळा पाषाण टणक असतो, पण त्याला उभ्या भेगा असतात. पावसाचे पाणी भेगांतून खाली उतरते आणि तांबड्या थराशी अडते, कारण ती माती पाण्याला सहज वाट देत नाही. तिथे पाणी साचते, दाब वाढतो, माती निसरडी होते. त्याच वेळी रस्त्यासाठी डोंगराचा पाय कापलेला असेल तर वरच्या दगडाला खालचा आधार उरलेला नसतो. घनमीटरभर काळ्या दगडाचे वजन जवळपास तीन टन असते. संरक्षक भिंतीला पाणी बाहेर पडायला भोके ठेवलेली असतात ती या दाबासाठी. पावसात त्या भोकांतून पाणी वाहताना दिसणे ही चांगली खूण आहे. वाहती भोके अचानक आटली किंवा गढूळ पाणी येऊ लागले तर ती वाईट खूण.

हे माहुलकरांना कोणी शिकवायला नको. १८ जुलै २०२१ च्या पहाटेपूर्वी, मुसळधार पावसात, इथल्याच वाशी नाक्याच्या भारतनगरमध्ये डोंगरउतारावरची भिंत घरांवर कोसळली आणि दीड डझनाहून अधिक माणसे गेली. त्यानंतर चारच दिवसांनी, २२ जुलैला, महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. त्याच रात्री महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, चिपळूण पाण्याखाली होते, आणि आंबा घाटात दरडी कोसळून, रस्ता खचून वाहतूक बंद पडली. मुंबईच्या टेकडीवर आणि सह्याद्रीच्या कड्यावर त्या आठवड्यात जे घडले त्याचे कारण एकच होते: पाणी पिऊन जड झालेला उतार आणि त्याच्या पायाशी माणसाने केलेली छेड. घाटात गाडी थांबवून दरीत डोकावणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की आधी मागे वळून वर पाहा. झुकलेली झाडे, ताजी भेग, रस्त्यावर पडलेले बारीक खडे दिसले तर तिथे थांबू नका. धबधब्याखाली तर मुळीच थांबू नका. पाणी जिथून येते तिथूनच दगड येतो.

पावसाळ्यात घाटात दाटणारे धुके म्हणजे बहुतेक वेळा ढगच असतो. समुद्रावरून आलेली ओली हवा कड्याला अडून वर चढते, चढताना थंड होते, तिच्यातल्या बाष्पाचे थेंब होतात. साखरप्याला पाऊस असतो, घाटात शिरले की आपण पाऊस पाडणाऱ्या ढगाच्या आत असतो. प्रखर दिवे लावले तर थेंबांवरून प्रकाश परतून डोळ्यांवरच येतो, म्हणून दिवे खाली ठेवायचे, वळणावर हॉर्न द्यायचा, आणि पुढच्या गाडीच्या लाल दिव्यावर आंधळा विश्वास टाकायचा नाही.

घाटाचा देखणेपणा ऐन भरात असतो तेव्हा राष्ट्रीय उद्यान बंद असते. पावसाळ्यात चांदोलीत पर्यटकांना सोडत नाहीत, ते पावसाळा सरल्यावर खुले होते. मला हे योग्य वाटते. पावसात जंगलाला स्वतःची कामे असतात.

आंबा गावाच्या आसपास माथ्यावर पडलेल्या पावसाची वाटणी होते. पश्चिमेला ओघळलेले पाणी काजळी नदीतून रत्नागिरीजवळ भाट्याला अरबी समुद्रात जाते, एवढ्याशा अंतरात. पूर्वेला गेलेले पाणी कडवी नदीतून वारणेला, वारणेतून सांगलीजवळ कृष्णेला मिळते आणि अख्खा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात पोहोचते. वारणा प्रचितगडाच्या परिसरात उगम पावते, आणि चांदोलीचे जंगल म्हणजे तिच्याच वरच्या खोऱ्याचे जंगल.

१९८५ साली हे अभयारण्य झाले, २००४ साली राष्ट्रीय उद्यान. क्षेत्र ३१७.६७ चौरस किलोमीटर, सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरलेले. २०१० मध्ये कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत चांदोलीचा समावेश झाला. मध्यभागी वारणेवरच्या धरणाचा वसंतसागर जलाशय आहे. झोळंबीच्या सड्यावर पावसाळ्यानंतर फुलांचे गालिचे असतात, खालच्या दाट रानात गवे, शेकरू, रानकुत्री आणि धनेश आहेत.

हे जंगल उरले कसे? एक उत्तर कड्यात आहे. जिथे बैलगाडी जाऊ शकत नव्हती तिथून लाकूड ओढून नेणेही अवघड होते. ज्या उभारामुळे आपला घसा कोरडा पडतो त्याच उभाराने कित्येक शतके या झाडीची राखण केली. दुसरे उत्तर सांगताना मन जड होते. या खोऱ्यात गावे होती, शेते होती, देवळे होती. आधी धरणाने आणि नंतर उद्यानाने ती उठवली. माणसे खाली, दूरच्या वसाहतींत गेली, आणि पुनर्वसनासाठी त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. त्यांच्या जुन्या गावठाणांवर आणि खाचरांवर आता गवत वाढले आहे आणि तिथे गवे चरतात. चांदोलीत फिरताना एखाद्या मोकळ्या माळावर कळप दिसला, तर ती जागा निसर्गाने मोकळी ठेवलेली आहे असे समजू नये.

वाघांची गोष्ट पुन्हा आपल्याला घाटरस्त्यावर आणते. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात वाघ अनेक वर्षे क्वचितच दिसत. २०१८ साली चांदोलीत एक वाघ कॅमेऱ्यात आला, मग पुन्हा शांतता. २०२२ मध्ये दक्षिणेला राधानगरी अभयारण्यात एक नर टिपला गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये तोच वाघ सह्याद्री प्रकल्पातल्या कॅमेऱ्यात दिसला. अंगावरचे पट्टे जुळवून ही ओळख पटते, कारण दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. राधानगरी ते चांदोली हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर आहे आणि मधे गगनबावड्याचे घाट, अणस्कुरा आणि आंबा असे रस्ते आडवे येतात. तो वाघ यांतून केव्हा तरी, बहुधा रात्री, डांबर ओलांडून आला. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याहून एक वाघीण आणून चांदोलीत सोडण्यात आली. दक्षिणेकडून येणाऱ्या वाघांची वाट मात्र याच घाटमाथ्याच्या झाडीतून जाते.

आंबा घाट ज्या राष्ट्रीय महामार्गावर आहे त्याचे रुंदीकरण चालू आहे. अवजड वाहनांना आणि रुग्णवाहिकांना चांगला रस्ता हवाच, त्याबद्दल दुमत नाही. पण रुंद रस्ता म्हणजे वाढलेला वेग आणि रात्रभर न तुटणारी दिव्यांची रांग. पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या महामार्ग ४४ वर यावर उपाय झाला आहे. तिथे प्राण्यांसाठी रस्ता उचलून खालून नऊ मार्ग ठेवले, त्यांतला सर्वांत मोठा ७५० मीटरचा आहे, आणि भारतीय वन्यजीव संस्थेने लावलेल्या कॅमेऱ्यांत त्या मार्गांनी ये-जा करणारे वाघ, रानकुत्री, चितळ दिसले. सपाट पेंचमध्ये जे जमले ते उभ्या आंबा घाटात जास्त अवघड आणि खर्चिक आहे. पण जिथे ओढे रस्ता ओलांडतात तिथे लहान मोरीऐवजी उंच पूल बांधला, तर पुराचे पाणी, दरडीचा राडा आणि गव्यांचा कळप तिन्ही त्याखालून जाऊ शकतात. हा निर्णय नकाशे तयार होत असतानाच घ्यावा लागतो.

तोवर आपल्या हातात आहे ते वेळेचे. मुंबईहून रात्री निघून पहाटे घाट गाठायचा, ही आपली लाडकी पद्धत. गवा काळा असतो, रस्ता काळा असतो, आणि आठ-नऊशे किलोचे ते जनावर दिव्यांच्या झोतात येईपर्यंत ब्रेक दाबायला उरते ते अंतर पुरत नाही. साखरप्याला मुक्काम करावा, उजाडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढावा. वारणावतीचे फाटक तेवढ्या उशिराने पोहोचणाऱ्यासाठीही उघडे असते.